चंदाची ट्रंक

माझी भाची रोशनी लेखिका आहे. हे वाक्य मी चंद्रपूर-गडचिरोलीत जिथे जिथे उच्चारलं, तिथे समोरच्याने पुढे एकच प्रश्न विचारला, "बरं, पण करते काय?"

आता काय सांगायचं? ती लिहिते, बाबा. तेरा ते अठरा वयाच्या पोरापोरींसाठी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे ज्यांना राजा-राणीच्या गोष्टी पुरत नाहीत आणि मोठ्यांची पुस्तकं कोणी हातात घेऊ देत नाही, त्यांच्यासाठी. हे वय आपल्याकडे फक्त दहावी-बारावीच्या टक्क्यांपुरतं असतं. त्या वयाच्या पोट्ट्यांच्या मनात काय चाललंय ते विचारायची आपल्याकडे रीतच नाही. रोशनीने विचारलं, लिहिलं, छापून आणलं, आणि त्याचं जे काय झालं ते बघून माझं डोकं तापतं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माझी ओळख. मी गोपाल गुरनुले, जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. हिवाळ्यात मात्र मी प्रॉम्प्टर असतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात, धान घरात आलं की गावोगावी नाटकं सुरू होतात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, मंडईची जत्रा असो, गावात रात्रभर नाटक हवंच. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. नाटक कंपन्या वडसा गावच्या. नट आज या गावात, उद्या त्या गावात, नाटकंही बदलती, पाठांतर करणार कोण आणि कधी? त्यामुळे विंगेत माझ्यासारखा एक माणूस संहिता घेऊन बसतो आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं पुरवतो. मी बोललो की नट बोलतो. मी थांबलो की नट थांबतो. ऐकणं आणि बोलणं यांच्यातली फट ज्याची दिसत नाही, तो आमच्याकडे मोठा नट.

रोशनी लहानपणी माझ्या मांडीवर बसून हे बघायची. तिची आई सीता माझी थोरली बहीण. त्यांचं गाव मूल शहराच्या अलीकडे. नाटकाच्या दिवसांत ती माझ्यामागे लागून विंगेत यायची, शाल गुंडाळून बसायची आणि माझ्या बोटाबरोबर ओळी वाचायची. एकदा मला ठसका लागला तेव्हा हिने पटकन पुढची ओळ पुरवली आणि स्टेजवरच्या राक्षसासारख्या मिशांच्या खलनायकाने ती मुकाट्याने म्हटली. पोरगी हसून लोटपोट झाली होती. "मामा, त्यो एवढा मोठा माणूस माह्यं आयकते!" म्हणाली. तिला लिहायचं वेड तिथेच लागलं असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे, पण इथे मी लिहितोय.

तिचे वडील बापूराव मोहुर्ले, म्हणजे माझे भाऊजी. वाईट माणूस नाही हं. धान, वांगी, मिरची, जे लावतील ते पिकवतील. फक्त बोलण्याच्या बाबतीत कंजूष. बियाणं जपावं तसे शब्द जपतात. आणि एकदा मान हलवली की ती डावी-उजवी झाली का वर-खाली, एवढंच घरच्यांनी बघायचं.

रोशनी बारावीला तालुक्यात पहिली आली. नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात खोली मिळाली. सीताने पत्र्याची ट्रंक भरली. त्यात कपडे, लाखोळीची डाळ, आंब्याचं लोणचं, आणि माझ्याकडची दोन जुनी नाटकं. स्टँडवर सोडायला भाऊजी गेले, मी गेलो. बस यायची होती. तिथे चहाच्या टपरीवर बसलेल्या कोणीतरी म्हटलं, "बापूराव, पोट्टी एकटीच नागपूरले? हिंमतवान हाय बाप्पा तुमी." बस, एवढंच. त्यात टोमणा होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही. भाऊजी वाकले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि घराकडे चालू लागले. एक शब्द नाही. रोशनी स्टँडवरच उभी राहिली. बस आली, कंडक्टरने हाक दिली, बस गेली. मग ती बापाच्या मागे घरी आली.

मी काय केलं विचाराल तर काही नाही. बहिणीच्या नवऱ्यासमोर आवाज चढवायची आमच्यात पद्धत नाही, आणि ती पद्धत मोडायला लागणारी छाती माझ्याकडे नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात रोशनीचं लग्न झालं. जावई कुलदीप, माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये, माणूस सोन्यासारखा. ती ट्रंकही बरोबर गेली. मधल्या काळात ती घराच्या माळ्यावर होती.

माजरीच्या कॉलनीत रोशनीने बीए केलं, बीएड केलं, खाजगी शाळेत शिकवलं आणि संध्याकाळी कॉलनीतल्या पोरापोरींना गोळा करून गोष्टी सांगायला लागली. पोट्टे सांगतील ते ऐकायलाही लागली. कोणाला वडिलांच्या दारूची लाज, कोणाला चेहऱ्यावरच्या मुरमांची, कोणी मैत्रिणीवर रुसलेलं, कोणी कोणाला चिठ्ठी लिहून ती गिळून टाकलेली. त्यातून पहिली कादंबरी झाली. वसतिगृहातल्या चार मुलींची गोष्ट. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. फोन आला.

"मॅडम, लिहिता छान. पण तुम्ही चंद्रपूरच्या ना? वाघ कुठे आहे?"

रोशनी म्हणाली, वसतिगृहात वाघ कसा येईल?

"एखादा बाहेरून डरकाळी तर फोडेल?"

नाही फोडू दिली तिने. पुस्तक आलं तर मुखपृष्ठावर हा एवढा थोरला वाघ, जबडा वासून, आणि खाली वसतिगृहातल्या चार मुली घाबरलेल्या. एका शाळेतल्या पोराने पूर्ण पुस्तक वाचून तिला विचारलं, "मॅडम, वाघ कोणत्या पानावर हाय?" ती हसली म्हणे. मला हसू आलं नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी त्याच प्रकाशकाने जंगलातली बंदूक मागितली. चंद्रपूर म्हटलं की वाघ, गडचिरोली म्हटलं की बंदूक. मधे लाखो माणसं राहतात, पोरं सायकलींच्या चेनी चढवत शाळेत जातात, याच्याशी कोणाला काय देणंघेणं!

बरं, आपल्या इथले तरी? एका मुख्याध्यापकांकडे मी स्वतः पुस्तक घेऊन गेलो. त्यांनी ते खरोखर वाचलं, हे मी मान्य करतो. मग म्हणाले, "गुरनुले सर, पुस्तक चांगलं आहे. पण ती मुलगी मधे एकदा त्या मुलाकडे पाहते."

"पाहते. मग?"

"मग काय? पाहतेच की."

पुस्तक कपाटात गेलं. कपाटाला कुलूप लागलं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर. पालक म्हणतात, गाईड घेऊ का गोष्ट? साहित्यिक म्हणतात, पोरांचं लिहिता होय, वा वा. वरोऱ्याला एका कार्यक्रमात तिला शाल-नारळ मिळाला, तेव्हा सूत्रसंचालकाने ओळख करून दिली, "चिमुकल्यांच्या लाडक्या ताई!" आणि माईक तिच्या तोंडासमोर धरून म्हणाला, "ताई, एक बडबडगीत होऊन जाऊ द्या." सतरा वर्षांच्या मुलीला घर सोडावंसं का वाटतं यावर जिने दोनशे पानं लिहिली, तिने बडबडगीत म्हणायचं. नाही म्हटलं तर लोक म्हणतात, बाई गर्विष्ठ आहे.

हे दोनशे पानांचं तिसरं पुस्तक, 'चंदाचा डंपर'. तिचं सगळ्यात चांगलं. खाणीजवळच्या गावातली चंदा. तिला ते घराएवढे डंपर चालवायला शिकायचंय. प्रशिक्षणाला निवड होते, ट्रंक भरते, बाप स्टँडवर येतो. पुढे काय होतं? बाप वाकतो, ट्रंक उचलतो, आणि बसमध्ये नेऊन ठेवतो. काही बोलत नाही. पुस्तक संपतं.

मी शेवटचं पान वाचलं आणि उठून अंगणात गेलो. रोशनीला म्हटलं, "भाऊजीले देल्लं का?" तर म्हणाली, "देल्लं. देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठिवलं त्यायनं. आई म्हणे, रोज धूळ पुसतेत." धूळ पुसतात! वाचत नाहीत. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, इथे तर वाचायचीही सोय नव्हती.

तर हे पुस्तक ज्या पोरींसाठी लिहिलं त्या पोरींपर्यंत ते काही जाईना. आणि इथे, मला वाटतं, मीच तो शहाणपणा केला. म्हटलं, रोशनी, याचं नाटक कर. आपली माणसं पुस्तक वाचत नाहीत, पण थंडीत कुडकुडत रात्रभर नाटक बघतात. हजार-दोन हजार माणसं, त्यात शे-दोनशे पोरी. तिला पटलं. एवढ्या वर्षांत तिच्या आवाजात मी पहिल्यांदा हुरूप ऐकला. "मामा, मले बाकी काई नाई पायजे," म्हणाली, "त्या बापानं ट्रंक बसमध्ये ठिवलेली पोट्ट्यायनं एकडाव डोळ्यानं पायली पायजे." आम्ही दोघांनी मिळून संहिता केली आणि मी ती माझ्या कंपनीचे मालक पत्रूभाऊ यांच्याकडे वडश्याला नेली.

पत्रूभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. मधे दोनदा म्हणाले, "बढिया." शेवट ऐकून डोळे उघडले.

"अन् मंग?"

"मंग काही नाही. पडदा."

"मास्तर, पोरगी मरत नाई?"

"नाही."

"बाप?"

"बापही नाही."

"मंग पब्लिक रडन कवा?"

मग रोशनी स्वतः माझ्याबरोबर वडश्याला गेली. दुपारभर बसली. पत्रूभाऊ गोड बोलत होते, चहावर चहा येत होता. "मॅडम, पब्लिक घरून चादर घेऊन येते, चटई घेऊन येते. रडाले येते. त्यायले रडू नाई आलं तं पुढच्या वर्षी मले बोलावतीन का? डंपर हाय ना तुमच्या गोष्टीत? मंग पोरगी त्याच्याचखाली येऊ द्या की. किती बढिया होते!" शेवट बदलला. चंदा बापाचं न ऐकता जाते, डंपरखाली येते, बाप प्रेत मांडीवर घेऊन भाषण करतो, गाणं, पडदा. नावही बदललं. 'कुंकू पडलं कोळशात'. चंदाचं लग्नच झालेलं नाही, मग कुंकू कुठून आलं, हे विचारायची सोय नव्हती.

रोशनीचा पारा चढला. आमच्या घराण्यात पारा माझ्याकडून आलाय. म्हणाली, "मंग माह्यं नाव काढा त्याच्यावरून."

"काढतो," पत्रूभाऊ म्हणाले. "त्यात का हाय."

आणि काढलं. इतक्या सहज काढलं की ते तिला जास्त लागलं. पोस्टरवर लेखकाच्या जागी पत्रूभाऊंचंच नाव आलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, मी प्रॉम्प्टिंग सोडतो. म्हणाली, नका सोडू, निदान बाकीचं नाटक तरी नीट होऊ द्या. त्यामुळे दिवाळीनंतर गावोगावी चंदा डंपरखाली मरत गेली आणि तिचं मरण शब्दाशब्दाने पुरवायचं काम माझ्याकडे आलं. बायका हुंदके देत. पुढे बसलेल्या पोरी माना खाली घालून निघत. आयांना तर आयतंच झालं होतं. "पायलं ना? बापाचं नाई आयकलं का असं होते."

संपत आलेल्या हंगामात एक दिवस पत्रूभाऊंनी पुढच्या तारखा वाचल्या आणि त्यात मोहुर्ल्यांचं गाव निघालं. शंकरपटानिमित्त. गावाने पोस्टर बघून नाटक ठरवलं होतं. ते कोणाचं आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं. रोशनीने सीतालाही सांगू दिलं नाही. "ते माह्यं हाय असं कोणत्या तोंडानं सांगू?" म्हणाली. पण पटाला लेकी माहेरी येतातच, तशी तीही आली. चाकांची मोठी बॅग घेऊन आली आणि आल्या आल्या विंगेत माझ्याजवळ येऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

भाऊजी सगळ्यात पुढे, कांबळं पांघरून. घरच्या कणगीजवळ बसावं तसे.

नाटक चांगलं चाललं होतं. चंदाचं काम रंजीता करत होती. बाई चाळिशीची, तिचीच मुलगी कॉलेजात, पण दोन वेण्या घालून उभी राहिली की सतराची वाटायची. बापाच्या कामात वारलूभाऊ. झाडीपट्टीत त्यांच्यासारखं रडवणारा दुसरा नाही. पण हंगामभर बोलून बोलून माझा घसा गेला होता. दुसऱ्या अंकातच आवाज फाटायला लागला आणि तिसऱ्यात पार बसला. वारलूभाऊ स्टेजवरून माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत, पुढची ओळ येईना. रोशनीने माझ्या हातातून संहिता घेतली आणि वाचायला लागली. कोणाला काही कळलं नाही. नटांना शब्दांशी मतलब.

तिथून पुढचे अंक तिने पत्रूभाऊंची संहिता इमानदारीने वाचली, हे मी शपथेवर सांगतो. मधे मधे दात खायची, एवढंच. "कुंकवाविना बाई म्हणजे कोळशाविना खाण" हे वाक्य तिने असं वाचलं की रंजीताने दचकून विंगेकडे पाहिलं. पूर्वेकडे उजाडायला आलं होतं. शेवटच्या अगोदरचा, स्टँडचा प्रवेश लागला. स्टेजवर पत्र्याची ट्रंक, चंदा आणि बाप.

इथून बापाचं लांबलचक भाषण होतं. 'पोरी, हा उंबरठा ओलांडलास तर' वगैरे. स्टँडवर उंबरठा. वारलूभाऊंनी छाती भरून घेतली.

रोशनीने संहिता मिटून मांडीखाली ठेवली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी पात्राचं नाव, मग ओळ, या आमच्या रीतीने ती म्हणाली, "चंदा, बाबा, मी जाऊन राह्यली."

रंजीताने एक श्वास थांबून म्हटलं, "बाबा, मी जाऊन राह्यली."

"तुमी नाई म्हना, हो म्हना, मी जाऊन राह्यली."

रंजीताने तेही म्हटलं. तिचा आवाज बदलला होता. ही ओळ कालपर्यंत नव्हती हे तिला समजलं होतं, आणि तरी ती म्हणत होती.

मग वारलूभाऊंची पाळी. ते कान देऊन उभे. रोशनी गप्प. त्यांनी मान किंचित विंगेकडे वळवली. रोशनी गप्पच. कारण तिच्या पुस्तकात त्या बापाला शब्दच नव्हता. साऱ्या हयातीत वारलूभाऊंना असा प्रसंग आला नव्हता. शब्द येत नाही म्हणजे काय करायचं? त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मुलीकडे पाहिलं, ट्रंककडे पाहिलं, परत आमच्याकडे पाहिलं. हात कुठे ठेवावे कळेना, त्यांनी ते धोतराला पुसले. समोर एवढा जनसमुदाय, पोर खोकलं तरी ऐकू यावं इतका चिडीचूप. ऑर्गनवाल्यालाही काय वाजवावं सुचेना, म्हणून तोही थांबला. मी कितीतरी बाप स्टेजवर पाहिलेत, पण शब्द न सापडलेला खरा बाप तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तेवढ्यात मागून पत्रूभाऊ धावत आले. "मास्तर, भाषण! भाषण द्या त्याले!" माझा घसा बसलेला. त्या दिवशी देवाने माझ्यावर मोठे उपकार केले. पत्रूभाऊंनी संहिता शोधली, ती रोशनीच्या मांडीखाली. बाईमाणसाच्या मांडीखालचा कागद ओढायचा कसा? ते नुसते थयथयाट करत राहिले.

रोशनी हळू आवाजात म्हणाली, "वारलूभाऊ, ट्रंक उचला."

वारलूभाऊंनी ट्रंक उचलली. खांद्यावर घेतली. म्हातारा माणूस, जरा झोकांडी गेली. "इकडं आना. बस इथी हाय." ते विंगेकडे चालत आले आणि ट्रंक रोशनीच्या पायाशी ठेवली. मागून रंजीता आली. मी बसचा हॉर्न वाजवला आणि स्वतःच्या हाताने पडदा सोडला.

टाळी नाही. हुंदका नाही. लोक पुढच्या प्रवेशाची वाट बघत बसले. एक बाई ओरडली, "अव, संपलं का? मेली कुठी थे?" मागच्या बाजूला पोरींचा घोळका बसला होता. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली आणि एक शिट्टी आली. कोणाची ते कळलं नाही, पण आवाज पोरीचाच होता.

आमच्याकडे चांगल्या कामाला लोक बक्षीस देतात. चिठ्ठी येते, नाव माईकवरून वाचलं जातं. निवेदकाच्या हाती एक चिठ्ठी आली. त्याने वाचलं, "श्री. बापूराव मोहुर्ले यांच्याकडून, चंदाच्या बापाचं काम करणाऱ्या कलावंतास, ट्रंक उचलल्याबद्दल एकावन्न रुपये."

रोशनी उठून उभी राहिली आणि परत खाली बसली.

पत्रूभाऊंनी सगळा राग माझ्यावर काढला. "एक माणूस रडला नाई! एक! उद्या चंदा मेली पायजे मास्तर, नाई तं दुसरा प्रॉम्प्टर पाहातो." रंजीता वेण्या सोडत म्हणाली, "पत्रूभाऊ, मले तं हेच बरं वाटलं." आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावात चंदा मेली. दुसऱ्या प्रॉम्प्टरच्या तोंडून. मी घशाचं कारण सांगून घरी राहिलो. हे असं आहे. ज्या एका शेवटासाठी एवढा आटापिटा केला, तो एका गावाला एकदा दिसला, आणि त्यावरही नाव नव्हतं. ते नाव तिनेच रागाच्या भरात काढायला लावलं होतं. मालकाची चूक काढायला जावं तर आपलीच जीभ आडवी येते.

पण सकाळचं सांगायचं राहिलं.

घरी आलो तर भाऊजी अंगणात खाटेवर बसले होते. सीताने चहा आणला. रोशनी पायरीवर बसली. तिने तोंडही धुतलं नव्हतं. भाऊजींनी बशीत चहा ओतला आणि या माणसाला बोलण्याचा झटका आला.

"नाटक बरं होतं," ते म्हणाले. "आखरीले त्यो बाप काई बोललाच नाई."

"हो," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"पत्रूनं लिवलं म्हनते. पत्रूनं नसन लिवलं. मी वळखतो त्याले." त्यांनी बशी फुंकली. "ज्यानं लिवलं त्याले पोरगी असन, पाय. पोरगी असल्याबगर असं लिवता येत नाई."

मी रोशनीकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग एका दिवसाचा नव्हता.

"त्याले पोरगी नोहोती, बाबा," ती म्हणाली. "बाप होता."

भाऊजींनी बशी खाली ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून आत, देव्हाऱ्यावरच्या फळीकडे पाहिलं. सीता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. ते काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. शब्द पुरवायला मी होतो, पण माझा घसा बसलेला होता, आणि आवाज असता तरी कोणता शब्द देणार होतो?

दुपारच्या बसने रोशनी निघाली. स्टँडपर्यंत भाऊजी आले, मी आलो. टपरी तीच आहे, आता त्यावर पत्रे नवे आहेत. बस दिसल्यावर भाऊजी पुढे झाले, वाकले आणि बॅगेला हात घातला.

"राहू द्या बाबा," रोशनी म्हणाली. "चाकं हाय त्याले."

तिने दांडा ओढला आणि मुरमावरून बॅग खडखडत बसकडे घेऊन गेली. भाऊजी रिकामे हात घेऊन तिच्या मागे चालत राहिले.